टिंगटिंगबाईंची लवंग

ज्या वर्गात चाळीस मुलं बसतात त्या वर्गात शिकतात किती, हा प्रश्न सभ्य माणसाने कुठल्याही शाळेत विचारू नये. उत्तर चाराच्या आसपास येतं, आणि ती चार कोण हे वर्गातला पंखासुद्धा सांगू शकतो. ती पहिल्या बाकावर बसतात, प्रश्न संपायच्या आत हात वर करतात, आणि हात वर करताना अर्धी उठतात, जणू बाकातून कुणी टाचणी टोचली आहे. बाकीचे प्रेक्षक. तिकीट मात्र सगळ्यांचं काढलेलं असतं, नागरिकहो, आणि ते आपणच काढून दिलेलं असतं.

सातवीच्या विज्ञानाच्या बाईंच्या वर्गात प्रेक्षकांची सोय जरा जास्तच चांगली होती, कारण वर्गाच्या मधोमध एक खांब होता. बांधणाऱ्याने तो छतासाठी उभा केला होता. मुलांनी तो वेगळ्या कामाला लावला. खांबामागच्या दोन बाकांवरून फळा दिसत नसे, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे फळ्याजवळून ते बाक दिसत नसत. इतर वर्गांत वर्षाच्या सुरुवातीला पुढच्या बाकांसाठी भांडणं होतात. इथे खांबामागच्या बाकांसाठी होत, आणि तीही अगदी आवाज न करता, कारण भांडणारी मंडळीच तशी होती.

बाईंना मुलं टिंगटिंगबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. त्यांच्या टेबलावर एक पितळी घंटी असे, हॉटेलच्या काउंटरवर असते तशी, वर बोंड असलेली. बाई प्रश्न विचारत, पहिला हात वर होई, उत्तर येई आणि बाईंचा तळहात बोंडावर पडे. टिंग. 'तोंडी सहभागा'चा एक गुण जमा. लगेच पुढचा प्रश्न. प्रश्न आणि टिंग यांच्यामध्ये मुंगीला पाय ठेवायला जागा नसे.

"वर्ग कसा तडतडला पाहिजे," बाई म्हणत.

तडतडण्याचं काम मुख्यतः एकटा फटाका करी. हे त्या मुलाचं टोपणनाव. त्याला उत्तर येत असे अशातला भाग नव्हता; प्रश्न कानावर पडला की त्याच्याकडून उत्तर सुटत असे.

"तारे का लुकलुकतात?"

"झोप आलेली असते म्हणून."

टिंग. "चूक आहे," बाई कौतुकाने म्हणत, "पण आत्मविश्वास बघा."

आणि ज्याच्या वाट्याला सहामाहीपर्यंत एकही टिंग येत नसे, त्याची 'क' तुकडीत बदली होई. कागदोपत्री 'क' तुकडीला 'विशेष लक्ष तुकडी' असं नाव होतं. शिक्षकांच्या खोलीत तिला गोदाम म्हणत, आणि गोदामाकडे माणसाचं जेवढं विशेष लक्ष असतं तेवढंच तिच्याकडे असे. ही योजनाही बाईंचीच.

बाई दुष्ट नव्हत्या. तळमळीच्या होत्या, आणि तळमळीच्या माणसाला चूक दाखवणं हे दुष्टापेक्षा अवघड काम असतं. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात यावर त्यांची श्रद्धा होती. आसपासच्या शाळांतले शिक्षक त्यांच्याकडे प्रशिक्षणाला येऊन गेले आणि जाताना घंट्या विकत घेऊन गेले. काही दिवस गावातल्या हॉटेलवाल्यांना घंटी मिळेना.

आता घरचं सांगायला हवं.

बाईंची लेकही सातवीतच होती, पण दुसऱ्या शाळेत. आईच्या वर्गात लेक नको, पक्षपात होतो, हे बाईंचं तत्त्व. लेकीला घरात मालगाडी म्हणत. हेही नाव बाईंनीच ठेवलेलं. "भात वाढू का?" असं विचारलं की उत्तर ताटं उचलायच्या वेळी येई. पण आलं की माल भरून येई. एकदा एक काका राहून गेले. "कसे वाटले काका?" असं बाईंनी तिला विचारलं ते काका फाटकाबाहेर पडताना, उत्तर मिळालं दुसऱ्या दिवशी केस विंचरताना. "चांगले आहेत. पण आपल्याला प्रश्न विचारतात आणि बघतात घड्याळाकडे."

बाई हसल्या आणि विसरल्या. त्या वेळी त्या स्वतः घड्याळाकडे बघत होत्या.

घरात तिसरे होते बाईंचे सासरे. (चौथा बाईंचा नवरा, पण तो फिरतीवर असे, आणि घरी असला तरी होकार-नकार मानेनेच देई.) सासरे आयुष्यभर लिलाव पुकारत आले होते. मोडक्या कपाटांपासून बंद पडलेल्या कारखान्यांपर्यंत सगळं त्यांनी विकलं होतं. एकदा तर अख्खी सर्कस, सिंह वगळून. ते निवृत्त झाले, पण आवाज झाला नाही. जेवताना त्यांनी "मीठ" म्हटलं की कधीकधी शेजारच्या घरातून येई.

एक दिवस लेकीच्या शाळेतून निरोप आला : भेटून जा.

वर्गशिक्षक तरुण होते. बाईंच्या प्रशिक्षणात पहिल्या रांगेत बसलेले. बाई आत येताच ते उभे राहिले आणि बसायलाच तयार होईनात.

"मॅडम, तुम्ही स्वतः आलात! बघा, तुमचं वाक्य लावलंय."

भिंतीवर रंगीत कागदाची अक्षरं होती : 'जो गप्प बसला, तो मागे बसला.' टेबलावर घंटी होती. बाईंच्या घंटीपेक्षा मोठी.

"छान," बाई म्हणाल्या. "मी मुलीबद्दल आले होते."

"तेच जरा अवघड झालंय." सर अखेर बसले. "मुलगी शांत. लेखी उत्तम. पण तोंडी सहभाग शून्य. सहामाहीनंतर तिला 'क' तुकडीत पाठवावं लागेल. आम्ही तुमची योजना जशीच्या तशी घेतलीय ना."

"अहो, तिला सगळं येतं."

"असेलही. पण तुम्हीच म्हणाला होतात, पोटातलं ओठात येत नसेल तर ते पोटात आहे कशावरून?"

बाईंना ते वाक्य आठवलं. त्यावर टाळ्या पडल्या होत्या.

"ती विचार करून बोलते."

"कधी, मॅडम?" सरांनी हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं. "मग तुम्हीच सांगा. अशा मुलांचं तुमच्या पद्धतीत काय करायचं असतं?"

बाईंनी तोंड उघडलं. आत पुष्कळ काही होतं. रागही होता, लेकही होती, पण त्यातलं पहिलं वाक्य कुठलं हे ठरेना. त्या ते शोधत होत्या, एवढ्यात—

टिंग.

"माफ करा," सर हात मागे घेत म्हणाले. "हाताला सवय झालीय. कुणी गप्प राहिलं की आपोआप पडतो."

मग त्यांनी आठवण करून दिली की पुढच्या आठवड्यात ते आणि त्यांचे सहकारी बाईंच्या वर्गात नमुना पाठ बघायला येणार आहेत. "तुम्ही वर्गात जे जे कराल, मॅडम, ते ते आम्ही उचलणार. काना-मात्रा न बदलता."

सरांच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर बाईंना जिन्यात सुचलं. फार चांगलं उत्तर होतं. पण जिन्यात कुणी विचारत नव्हतं. आणि फाटकाशी येईपर्यंत दुसरी गोष्ट लख्ख झाली : पुढच्या आठवड्यात आपण चाळीस मुलांसमोर जे करू, तेच हा भला माणूस आपल्या लेकीला करणार आहे. काना-मात्रा न बदलता.

रात्री जेवताना बाईंनी लेकीला धारेवर धरलं.

"तुला तोंड नाही का? उत्तर येतं तर सांगत का नाहीस? काय होतं तुला? बोल ना. का बोलत नाहीस? बघा बाबा, आतासुद्धा बोलत नाही."

"तू जागा ठेवलीस कुठे?" सासरे म्हणाले, आणि शेजारच्यांनीही ऐकलं. "पाच प्रश्न विचारलेस, मध्ये घास घ्यायलासुद्धा थांबली नाहीस. वर्गात पण असंच करतेस?"

"वर्गात पहिलं उत्तर आलं की घंटी वाजवते."

"पहिल्या बोलीला?" सासऱ्यांचा हात ताटावर थांबला. "अगं, पहिल्या बोलीला हातोडा मारला असता तर मालकांनी मलाच लिलावात काढलं असतं. पहिली बोली कोण लावतो माहीत आहे? ज्याला माल नको असतो, पण चारचौघांत ओरडायची हौस असते तो. खरं गिऱ्हाईक गप्प असतं. वस्तू बघतं, फिरवून बघतं, मनात जुळवतं. त्याच्यासाठी तर एक वार, दोन वार, तीन वार. नाहीतर आम्हाला काय आकडे म्हणायची हौस होती?"

"बाबा, वर्ग म्हणजे लिलाव नाही."

"नाहीच. लिलावात निदान तीनपर्यंत मोजतात."

बाईंनी ताटं गोळा करायला सुरुवात केली. आणि ताटं उचलायची वेळ झाली म्हणजे मालगाडी यायची वेळ झाली.

"आई, मला उत्तर येतं," लेक म्हणाली. "मी ते नीट लावत असते, तेवढ्यात टिंग होतं. मग सर पुढच्या प्रश्नावर जातात. मी अजून मागच्यातच असते."

बाईंनी ताटं खाली ठेवली.

"आणि कधी सरांनी मला उठवलंच, तर सगळे एकदम वळून बघतात. मग उत्तर आत पळतं. शेजारणीला सांगताना नाही पळत. तिला मी रोज सांगते."

"मग?"

"मग ती हात वर करते. तिला खूप टिंग मिळतात."

सासरे ठसकले. त्यांना पाणी देताना बाईंच्या डोळ्यांपुढे त्यांच्या स्वतःच्या वर्गातला खांब उभा राहिला. त्यामागे एक मुलगी बसत असे. हजेरीला 'हजर' म्हणे, तेवढाच तिचा आवाज बाईंना माहीत होता. गोदामात पाठवायच्या नावांत यंदा तिचं नाव पहिलं होतं. मुख्याध्यापकांना ते कळवायचं तेवढं राहिलं होतं.

तळमळीच्या माणसाचं एक बरं असतं : तो चुकीच्या दिशेने जेवढ्या जोरात धावतो, तेवढ्याच जोरात उलटही फिरतो. आणि बहुधा तिथेही काहीतरी मोडतो.

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात गेल्या त्या गिऱ्हाईक ओळखायच्या निश्चयानेच. सासऱ्यांनी सकाळी चहा पिता पिता ज्ञान दिलं होतं : खरं गिऱ्हाईक ओरडत नाही, खूण करतं. कुणी कान खाजवतं, कुणी चष्मा पुसतं. बाईंनी प्रश्न विचारला आणि वर्गभर कान शोधू लागल्या.

"हं, तू! कान खाजवलास. सांग."

"बाई, डास चावला."

"तू ग? चष्मा पुसलास."

"काच धुरकट झाली होती, बाई."

मग बाईंनी सरळ खांबाला वळसा घातला. खांबामागची मुलगी बाईंना इतक्या जवळून बघून सरकली, पण सरकायला पुढे शेजारीणच होती.

"आज तू सांगायचं," बाई प्रेमाने म्हणाल्या. "घाबरायचं नाही. उभी राहा. सगळ्यांनी हिच्याकडे बघा पाहू. हिला धीर द्या."

एकोणचाळीस माना वळल्या. एवढा धीर एकदम मिळाल्यावर कुणाचं काय होणार? मुलीला उचकी लागली. ती उचकी मधल्या सुट्टीपर्यंत थांबली नाही, आणि प्रत्येक उचकीला फटाका तोंडाने "टिंग" म्हणत होता.

"तुमचं गिऱ्हाईक डास मारत होतं," संध्याकाळी बाई सासऱ्यांना म्हणाल्या, आणि उचकीचंही सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज उतरला.

"मी तुला गिऱ्हाईक बघायला सांगितलं, पकडायला नाही. कान खाजवणाऱ्याला कुणी हात धरून मंचावर आणतं का? परत कधी येईल तो लिलावाला?" मग सासरे जरा मवाळ झाले, म्हणजे आवाज अंगणापर्यंतच गेला. "आणि थांबलीस का? मोजलंस का?"

"थांबले की."

"बघू. मला प्रश्न विचार."

"पाणी कशापासून बनतं?"

सासऱ्यांनी छताकडे बघितलं. "एक वार..." असं ते म्हणतात न म्हणतात तोच बाई म्हणाल्या, "हायड्रोजन आणि ऑक्सिजन. अगं बाई."

पुन्हा करून बघितलं. पुन्हा तेच. बाईंना प्रश्नामागची शांतता सहन होत नव्हती. दार उघडं राहिलं तर उठून लावावंसं वाटतं, तसं त्यांना व्हायचं. इतकी वर्षं मुलांना आपण बोलकं करतोय असं त्या समजत होत्या. खरं म्हणजे त्या ते दार लावत होत्या.

शेवटी सासऱ्यांनी खिशातून एक छोटी डबी काढली. "बोली लागत नसली की माझीसुद्धा जीभ वळवळायची. मीच बोली लावून मोकळा होईन अशी भीती. मग लवंग धरायचो दाताखाली. लवंग आहे तोवर जीभ गप्प."

"आणि आधी शेजारणीला सांगू दे," लेक म्हणाली. हे मात्र तिने ताटं वाढायच्याही आधी सांगितलं. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही, पण मालगाडी त्या दिवशी वेळेआधी आली होती.

नमुना पाठाच्या दिवशी मागच्या भिंतीला खुर्च्या लावल्या होत्या. पाहुणे शिक्षक, त्यांत लेकीचे वर्गशिक्षक, आणि मधोमध मुख्याध्यापक. बाई आत आल्या. सगळ्यांच्या नजरा टेबलाकडे गेल्या. बाईंनी घंटी उचलली, खणात ठेवली, खण बंद केला. मग डबीतून एक लवंग काढून दाताखाली धरली. लेकीच्या सरांनी मान पुढे काढून ती नीट बघितली.

फळ्यावर बाईंनी लिहिलं : 'बर्फ पाण्याचाच होतो. मग तो पाण्यावर तरंगतो कसा?'

"हात कुणी वर करायचा नाही," त्या म्हणाल्या. "आधी आपापल्या मनात. मग शेजाऱ्याच्या कानात. मग ज्याला वाटेल त्याने वर्गात. बसून सांगितलं तरी चालेल. चुकलं तरी चालेल. आणि कुणी कुणाकडे वळून बघायचं नाही, माझ्याकडे बघा."

आणि त्या गप्प झाल्या.

वर्गात शांतता पसरली. पंख्याचं एक पातं हलताना कुरकुरतं हे शाळेला त्या दिवशी कळलं. फटाक्याने हात वर जाऊ नये म्हणून तो मांडीखाली दाबून ठेवला होता. त्याचा चेहरा शिट्टी होण्याआधीच्या कुकरसारखा झाला होता. मुख्याध्यापक अस्वस्थ झाले. शाळेत शांतता म्हणजे एकतर परीक्षा नाहीतर अपघात, असा त्यांचा अनुभव होता.

"बाईंना बरं नाही का?" त्यांनी शेजारच्यांना विचारलं. मग घसा खाकरून मोठ्याने, "बर्फ कसा तरंगतो मुलांनो, तर त्याचं कारण—"

बाईंनी त्यांच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. एवढ्या वर्षांत मुख्याध्यापकांना गप्प बसा असं शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. ते इतके चकित झाले की खरंच गप्प बसले.

मग बाईंनी खूण केली आणि वर्गात कुजबुज सुरू झाली. विस्तवावर ठेवलेलं पाणी उकळीला येण्याआधी जसं बारीक बारीक बोलू लागतं, तसा वर्ग बोलू लागला. बाई लवंग दाताखाली धरून हिंडत होत्या. खांबामागूनही कुजबुज येत होती. बाईंनी तिकडे मुद्दामच बघितलं नाही.

"हं," त्या म्हणाल्या. "आता कोण सांगतं?" आणि मनात सुरू केलं, एक वार...

पहिला बोलला अर्थात फटाकाच. पण त्याचा सूर वेगळा होता.

"बाई, मी म्हणणार होतो की थंड असतो म्हणून. पण हा म्हणतो," त्याने शेजारच्या मुलाकडे अंगठा दाखवला, "की दगडपण थंड असतो."

"मग?"

"मग मला माहीत नाही," फटाका म्हणाला. हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारल्यामुळे त्याला ते आवडलेलं दिसलं. "मी अजून विचार करतो."

मागच्या खुर्च्यांवर चुळबुळ झाली. तेवढ्यात खांबामागून एक हात आला, पण तो त्या मुलीचा नव्हता, तिच्या शेजारणीचा होता.

"बाई, हिने मला एक सांगितलंय. पण मी सांगितलं तर ते माझं होईल."

बाईंच्या दाताखाली लवंग कुडकन फुटली. लेकीच्या वर्गातली ती न पाहिलेली दुसरी शेजारीण, तिला मिळालेल्या सगळ्या टिंग, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं.

"मग तिलाच विचार," त्या म्हणाल्या. "तिला सांगायचं असेल तर आम्ही थांबतो. नसेल तर नाही."

एक वार. पंखा कुरकुरला. दोन वार. बाईंची जीभ वळवळली. त्यांनी ती लवंगेवर दाबली आणि डोळ्यांत पाणी आलं. दोन आणि तीनच्या मध्ये कुठेतरी, खांबाच्या आडून, बसल्या जागेवरून आवाज आला.

"बाटली फुटली होती."

कुणी वळलं नाही.

"काचेची. मी पाण्याने काठोकाठ भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवली होती. आई ओरडली, कुणी आपटली म्हणून. पण कुणीच आपटली नव्हती. पाणी तेवढंच होतं." आवाज थांबला. सगळा वर्ग थांबला. "म्हणजे बर्फ होताना ते फुगलं असणार. पाणी तेवढंच, जागा जास्त. मग त्याच मापाचं पाणी घेतलं तर ते जड भरेल आणि बर्फ हलका. म्हणून तो वर येतो. पण थोडासाच हलका, म्हणून थोडासाच वर येतो."

बाईंचा हात सवयीने उठला आणि घंटी असायची तिथे टेबलावर आपटला. नुसताच ठप्प आवाज झाला. वर्ग हसला. खांबामागेही कुणीतरी हसलं, आणि त्या हसण्यात उचकी नव्हती!

मुख्याध्यापक खांबाच्या आड बघण्यासाठी इतके वाकले की खुर्ची दोन पायांवर आली.

"ही हुशार मुलगी कोण? नवीन आलीय का?"

"याच वर्गातली आहे, सर," बाई म्हणाल्या. "वर्षाच्या सुरुवातीपासून. नवीन मी आहे."

पाठ संपल्यावर मुख्याध्यापकांनी त्यांना बाजूला घेतलं. "बाई, ती 'क' तुकडीची नावं द्यायची राहिलीत."

"सर, आत काय आहे ते न बघता खोकी गोदामात टाकत होतो आपण. आधी उघडून बघू या. आणि तो खांब हलवता येत नसेल, तर निदान बाक तरी हलवू या. ज्याला तिथेच बसायचंय तो बसू दे, पण मी अधूनमधून त्या बाजूला उभी राहीन."

लेकीचे वर्गशिक्षक दाराशी थांबले होते. "मॅडम, सगळं टिपलंय. पण भिंतीवरच्या वाक्याचं काय करू?"

"काढून टाका."

"आणि मुलीच्या बदलीचं?"

बाईंनी उत्तर दिलं नाही. थांबल्या. सर गोंधळले, मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडलं. "नको करायला, नाही का?" ते स्वतःच म्हणाले. "बदली मी थांबवतो. आधी मीच थांबायला हवं." बघा, शिक्षकांनासुद्धा वेळ दिला तर उत्तर येतं.

तर नागरिकहो, गोष्टीचा बोध सांगायची पद्धत आहे, म्हणून सांगून टाकू. गप्प मूल म्हणजे रिकामं मूल नव्हे. कुणाचं उत्तर जिभेवर राहतं, कुणाचं दोन खोल्या आत राहतं. आतल्याला बाहेर यायला वेळ लागतो आणि बाहेर चाळीस जण टक लावून उभे असले तर ते दार उघडत नाही. त्याला ओढून काढायचं नसतं, तसं विसरूनही जायचं नसतं. एका कानात सांगायची सोय करावी, बसून बोलायची मुभा द्यावी, आणि मुख्य म्हणजे थांबावं. ज्याला उत्तरासाठी थांबायचं नसतं, त्याने प्रश्न विचारलेलाच नसतो, नुसता आवाज केलेला असतो. हे वर्गाला लागू आहे, तसं जेवणाच्या टेबलालाही आहे.

त्या टेबलाशीच ही गोष्ट संपते.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी बाईंनी लेकीला विचारलं, "काय ग, वर्गात काय म्हणतात तुझे सर?" आणि गप्प बसल्या. सासऱ्यांनीही आवाज केला नाही. भात वाढून झाला. एक वार. ताक झालं. दोन वार. ताटं उचलायची वेळ आली, पण ताटं कुणीच उचलली नाहीत.

"सरांनी घंटी काढून टाकली," लेक म्हणाली. "आता सगळेच सर आणि बाई वर्गात लवंग चावतात. पूर्ण शाळेला वास येतो."

बाईंनी कपाळाला हात लावला. काना-मात्रा न बदलता.

"आणि आज मी वर्गात बोलले."

बाईंच्या तोंडात पाच प्रश्न आले. त्यांनी ते गिळले. सासऱ्यांनी टेबलाखालून हळूच डबी पुढे सरकवली.

"काय बोललीस?" बाईंनी फक्त एवढंच विचारलं.

लेकीने बराच वेळ विचार केला.

"मी विचारलं, सर, तुम्ही लवंग का खाता?"

"मग? काय म्हणाले?"

"खूप वेळ थांबले," लेक म्हणाली. "मग म्हणाले, तुझ्या आईला विचारून सांगतो."